‘अग्नि-२’ आणि घन इंधन

२२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून झेपावलेल्या ‘अग्नि’चा पहिला टप्पा घन इंधनाचा होता, दुसरा मात्र ‘पृथ्वी’वरून घेतलेला, द्रव इंधनाचा. तंत्र सिद्ध करण्यास ही जोडणी पुरेशी होती, सेनादलाच्या हाती सोपविण्यास नव्हे. द्रव इंधन भरण्यात वेळ जातो, आणि त्यातील नायट्रिक आम्ल धातूला व माणसाला सारखेच घातक.

म्हणून दुसरा टप्पाही घन करावयाचे ठरले. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा बंधक यांचे मिश्रण कवचात ओतून घट्ट होऊ द्यावे लागते. त्यात बारीकशी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकते. शिवाय द्रव इंधनाची झडप बंद करता येते. पेटलेले घन इंधन हवे तेव्हा विझविता येत नाही. साहजिकच नेम साधण्याचे काम अधिक अवघड होते.

११ एप्रिल १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील व्हीलर बेटावरून (आजचे अब्दुल कलाम बेट) ‘अग्नि-२’ उडाले. दोन्ही टप्पे घन इंधनाचे, पल्ला २,००० किलोमीटरहून अधिक. उड्डाणापूर्वी इंधन भरण्याची गरजच उरली नाही.