जहाजमालकाचे जुने कवच

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा सारांश)



धाराशिवात बसून समुद्राच्या कायद्याविषयी बोलणे आपणांस विचित्र वाटेल. इथे पिण्याच्या पाण्याचीच वानवा! परंतु येथला द्राक्षबागाईतदार आपला माल न्हावाशेवा बंदरातून परदेशी धाडतो, आणि पुढे त्याचे भवितव्य ज्या कायद्याच्या हाती असते तो २०२५ साली बदलला.

१९२५ चा सागरी मालवाहतुकीचा कायदा शंभर वर्षांनी रद्द होऊन त्याच नावाचा नवा आला. वसाहतकालीन अवशेष पुसल्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात १९२४ च्या ब्रुसेल्स करारातील तरतूद तशीच उभी आहे: कप्तानाच्या वा खलाशांच्या नौकानयनातील चुकीमुळे माल बुडाला, तर जहाजमालक जबाबदार नाही! एस.टी.च्या चालकाने गाडी खड्ड्यात घातली तर महामंडळाला असे म्हणता येईल काय?

ही सवलत काढून टाकणारे हॅम्बुर्ग नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत १९७८ साली संमत झाले. त्यामागे विकसनशील देशांचाच आग्रह होता. भारताने मात्र ते स्वीकारलेले नाहीत. जबाबदारी वाढली की नौभाडे वाढेल, असे जहाजमालक म्हणतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हे म्हणणे मी सर्वस्वी नाकारीत नाही. पण आज त्या जोखमीच्या विम्याचा हप्ता कोण भरतो? मालाचा धनीच ना?

आणखी एक. कायद्याच्या परिशिष्टातील हे नियम अधिसूचना काढून बदलण्याचा अधिकार आता केंद्र सरकारला मिळाला आहे. सुधारणा असो वा बिघाड, संसदेपुढे नवे विधेयक आणण्याची गरज उरलेली नाही. म्हणून बागाईतदारांना बरोबर घेऊन आपल्या खासदारांना विचारा, हॅम्बुर्ग नियम का नकोत?