शेजारी निवडतां येत नाहीं : फिनलंडच्या करारांची कथा

राष्ट्राराष्ट्रांमध्यें मैत्रीचा करार झाला म्हणजे वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत बातमी येते, प्रतिनिधींचीं हस्तांदोलनाचीं छायाचित्रें छापलीं जातात, आणि वाचणाराची अशी समजूत होते कीं, आतां त्या राष्ट्राच्या संरक्षणाची चिंता मिटली. परंतु कराराची खरी किंमत कळते ती संकटाचा पहिला दिवस उजाडल्यावर. हें सत्य ज्या देशानें शंभर वर्षांच्या आंत अनेकदां, आणि फार मोठें मोल देऊन, अनुभवलें असा देश म्हणजे युरोपच्या उत्तर टोंकाचा फिनलंड होय.

फिनलंडची लोकसंख्या सुमारें ५६ लक्ष. म्हणजे एखाद्या मोठ्या शहराइतकी. पूर्वेस रशियाशीं लागून असलेली सीमा मात्र सुमारें १,३४० किलोमीटर लांबीची. हा देश प्रथम अनेक शतकें स्वीडनच्या राज्यांत होता, १८०९ सालापासून रशियाच्या झारच्या अंमलाखालीं गेला, आणि १९१७ सालीं स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याबरोबर त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो असा : आपल्याहून कितीतरी पट बलाढ्य असा शेजारी दाराशींच असतां स्वतःचें घर स्वतःच्या हातीं कसें ठेवावें?

या प्रश्नाचें पहिलें उत्तर कागदावर लिहिलें गेलें. १९३२ सालीं सोव्हिएट रशिया व फिनलंड यांच्यामध्यें अनाक्रमणाचा करार झाला. १९३४ सालीं त्याची मुदत वाढविण्यांत येऊन तो १९४५ अखेर चालावा असें ठरलें. परंतु ऑगस्ट १९३९ मध्यें जर्मनी व रशिया यांनीं परस्परांशीं करार केला, आणि त्याच्या गुप्त कलमांत फिनलंड हा रशियाच्या प्रभावक्षेत्रांत घातला गेला. ज्या देशाच्या भवितव्याचा हा निर्णय होता, त्याला तेथें विचारलें कोणी नव्हतें. पुढें लेनिनग्राडच्या संरक्षणासाठीं म्हणून रशियानें मुलूख मागितला. लेनिनग्राडपासून सीमा अवघी ३२ किलोमीटरांवर होती. तेव्हां रशियाची काळजी केवळ बनावट होती असें म्हणतां येणार नाहीं. पण फिनलंडला तींत पुढील मागण्यांची पहिली पायरी दिसली. वाटाघाटी मोडल्या. २८ नोव्हेंबरला रशियानें अनाक्रमणाचा करार झुगारून दिला, आणि ३० नोव्हेंबरला हेलसिंकीवर बॉंब पडूं लागले.

हें युद्ध १०५ दिवस चाललें. राष्ट्रसंघानें रशियाला संघांतून काढून टाकलें. स्वीडनमधून सुमारें आठ हजार स्वयंसेवक आले, शस्त्रेंहि आलीं. पण स्वीडनचें सरकार युद्धांत उतरलें नाहीं. इंग्लंड व फ्रान्स यांनीं सैन्य पाठविण्याच्या योजना आंखल्या. त्या सैन्याला नॉर्वे व स्वीडन वाट देईनात, आणि तें कधींच पोंचलें नाहीं. सहानुभूति साऱ्या जगाची होती. खंदकांत मात्र बहुतेक सारे फिनलंडचेच जवान होते. १३ मार्च १९४० रोजीं लढाई थांबली तेव्हां सुमारें २५ हजार सैनिक कामास आले होते, देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला होता, आणि चार लक्षांहून अधिक माणसें घरेंदारें सोडून पश्चिमेकडे निघालीं होतीं.

एकटेपणाचा हा अनुभव ताजा असतांनाच, १९४१ सालीं, फिनलंड जर्मनीच्या बाजूनें रशियाशीं पुन्हां लढला. गेलेला मुलूख त्यानें परत घेतला, आणि जुनी सीमा ओलांडून तो पुढेंहि गेला. परंतु जर्मनीचा पराभव होऊं लागला, तशी ही भागीदारी त्याच्या गळ्याचा फांस झाली. सप्टेंबर १९४४ च्या युद्धविरामांत मुलूख पुन्हां गेला. राजधानीजवळचा पोर्कला हा भाग रशियाच्या तळासाठीं पन्नास वर्षांच्या बोलीनें द्यावा लागला. तीस कोटि डॉलरांची भरपाई मान्य करावी लागली. आणि कालच्या भागीदाराच्या सैन्याला लॅपलंडमधून हांकून लावण्यासाठीं शस्त्रहि उचलावें लागलें. दूरच्या मित्रानें १९४० मध्यें तारलें नाहीं, आणि जवळ केलेल्या मित्रानें १९४४ मध्यें बुडविलें.

अशा स्थितींत १९४६ सालीं पासिकीवी हे वृद्ध मुत्सद्दी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या विचारसरणीचा गाभा थोडक्यांत असा कीं, रशियाला फिनलंडमध्यें जो रस आहे तो मुख्यतः स्वतःच्या संरक्षणापुरता आहे. ती भीति दूर करावी, आणि घरांतील कारभार आपल्या हातीं राखावा. त्यांची कसोटी लवकरच आली. फेब्रुवारी १९४८ मध्यें स्टालिननें पत्र पाठवून, हंगेरी व रुमानिया यांच्याशीं झालेल्या करारांसारखा करार फिनलंडशीं व्हावा असें सुचविलें. नाहीं म्हणणें धोक्याचें होतें. होय म्हणणें त्याहून धोक्याचें. फिनलंडनें तिसरा मार्ग धरला, तो म्हणजे मसुद्यांतील प्रत्येक शब्दासाठीं झगडण्याचा.

६ एप्रिल १९४८ रोजीं सही झालेल्या त्या तहाचीं कलमें पाहिलीं असतां या झगड्याचें फळ दिसून येतें. जर्मनी किंवा तिच्याशीं संगनमत केलेलें राष्ट्र फिनलंडवर, अथवा फिनलंडच्या भूमींतून रशियावर, चालून आलें, तरच फिनलंडनें लढावयाचें. तेंहि स्वतःच्या सीमांच्या आंत. रशियाची मदत यावयाची ती जरूर पडल्यास, आणि उभयतांच्या संमतीनें. बड्या राष्ट्रांच्या झगड्यांपासून अलिप्त राहण्याची फिनलंडची इच्छाहि प्रस्तावनेंत नमूद झाली. ‘संमतीनें’ या एका शब्दावर पुढचीं चाळीसहून अधिक वर्षें फिनलंडचें स्वातंत्र्य तोललें गेलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या नीतीचीं फळें हळूहळू हातीं आलीं. नुकसानभरपाईचा शेवटचा हप्ता १९५२ सालीं फिटला. १९५५ सालीं फिनलंड उत्तर युरोपीय राष्ट्रांच्या परिषदेंत आणि संयुक्त राष्ट्रसंघांत दाखल झाला, आणि जानेवारी १९५६ मध्यें पोर्कला परत मिळालें. १९७३ सालीं पश्चिम युरोपच्या आर्थिक समूहाशीं त्यानें व्यापारी करार केला, तेव्हां त्याच वर्षीं पूर्वेकडील राष्ट्रांच्या आर्थिक संघटनेशींहि केला. दोन्ही दारें उघडीं ठेवण्याचें हें कौशल्य १९७५ सालीं सर्व जगानें पाहिलें. त्या वर्षीं पस्तीस राष्ट्रांनीं युरोपच्या सुरक्षिततेच्या ठरावावर हेलसिंकी येथेंच सह्या केल्या.

परंतु या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. १९५६ सालीं हंगेरींत रशियन रणगाडे शिरले, तेव्हां राष्ट्रसंघांतील मतदानांत फिनलंड तटस्थ राहिला. ऑक्टोबर १९६१ मध्यें रशियानें लष्करी विचारविनिमयाची मागणी करणारें पत्र धाडलें; राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनीं सैबेरियांत जाऊन ख्रुश्चॉव्ह यांची भेट घेतली व तो प्रसंग टाळला, पण तत्पूर्वी निवडणुकींतील त्यांच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्यानें उमेदवारी मागें घेतली होती. १९७३ सालीं तर निवडणूक न घेतां खास कायद्यानें त्यांची मुदत चार वर्षें वाढविण्यांत आली. वृत्तपत्रें आणि प्रकाशक शेजाऱ्याला दुखविणारा मजकूर स्वतःहूनच गाळीत. कोणी हुकूम सोडलेला नसे. संवयच तशी जडली होती. पश्चिम जर्मनींत या स्थितीला ‘फिनलंडीकरण’ असें हेटाळणीचें नांव पडलें, आणि फिनलंडच्या लोकांना तें फार झोंबलें. त्यांचें म्हणणें असें कीं, मॉस्कोच्या बाजूच्या इतर राष्ट्रांत परकीय सैन्य बसलें आहे, आमच्या येथें नाहीं. तेथें एकच पक्ष आहे, येथें अनेक आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य होतें. करारानें देशाचा मुलूख वांचविला. वाणीचा कांहीं भाग मात्र गहाण पडला.

रशियाची भीति शमवीत असतांनाच फिनलंडनें एक गोष्ट कधीं सोडली नाहीं, ती म्हणजे स्वतःची तयारी. १९४७ च्या पॅरिस येथील तहानें त्याच्या सैन्यावर मर्यादा घातल्या होत्या, तरी पुरुषांना सक्तीचें लष्करी शिक्षण चालूच राहिलें. सोव्हिएट संघ कोसळल्यावर शेजारच्या पुष्कळ देशांनीं सैन्यें कमी केलीं. फिनलंडनें राखीव दळ कायम ठेविलें. युद्धकाळीं सुमारें २ लक्ष ८० हजार सैनिक उभे करण्याची त्याची व्यवस्था आहे, आणि नागरिकांसाठीं बांधलेल्या पन्नास हजारांवर निवाऱ्यांत सुमारें ४८ लक्ष माणसें राहूं शकतात.

१९९२ सालीं जुन्या तहाच्या जागीं रशियाशीं साधा शेजारधर्माचा करार झाला, आणि १९९५ सालीं फिनलंड युरोपीय संघांत गेला. नाटोशीं त्याचें सहकार्य वाढलें, पण सभासदत्व त्यानें मागितलें नाहीं. मागण्याचा आपला अधिकार मात्र शाबूत आहे, एवढें तो बजावीत राहिला. २४ फेब्रुवारी १९२२ नव्हे, तर २०२२ सालच्या त्या दिवशीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि फिनलंडच्या जनतेला १९३९ चें स्मरण झालें. लोकमत थोड्याच आठवड्यांत पालटलें. १८ मे रोजीं अर्ज गेला. १ मार्च २०२३ रोजीं संसदेनें १८४ विरुद्ध ७ मतांनीं मान्यता दिली. आणि ४ एप्रिलला फिनलंड नाटोचा सभासद झाला. या एका देशाच्या प्रवेशानें त्या संघटनेची रशियाशीं असलेली सीमा दुपटीहून लांब झाली. ज्या स्वीडननें १९३९ सालीं दारापर्यंत येऊन पाऊल थांबविलें होतें, तेंहि राष्ट्र मार्च २०२४ मध्यें त्याच संघटनेंत आलें.

मग पासिकीवींची नीति चुकली होती काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४८ सालीं देण्यासारखी मदत कोणाजवळ नव्हती, आणि मागण्याइतकें बळ फिनलंडजवळ नव्हतें. त्या वेळीं मौन हेंच कवच होतें. २०२२ सालीं परिस्थिति निराळी होती, आणि कवचहि निराळें निवडतां आलें. नव्या मार्गांतहि धोका नाहींच असें नाहीं. लांबलचक सीमा तेथेंच आहे, आणि मित्रांच्या वचनाची परीक्षा संकटाच्या दिवशींच व्हावयाची आहे. फिनलंडचे करार बदलले, भागीदार बदलले, प्रस्तावनेंतील शब्दहि बदलले. निवड करण्याची वेळ आली तेव्हां ती करण्याचें सामर्थ्य त्याच्या हातीं उरलें होतें, याचें श्रेय त्या कागदांइतकेंच, दर वर्षीं लष्करी शिक्षणासाठीं घर सोडणाऱ्या त्याच्या तरुणांना आहे.