काटक माणसाची साखर
(मेळाव्यातील भाषण)



वजन आटोक्यात म्हणजे मधुमेह दूर, असं आपण धरूनच चालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

याची सुरुवात आईच्या पोटातच होते, असं याज्ञिकांचं काम सुचवतं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणात पाहणी केली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. पण आपल्या बाळांच्या पाठीवरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. घटले होते ते स्नायू. पुढे आईच्या रक्तातल्या बी-१२ च्या कमतरतेचाही संबंध दिसला. आपल्यातल्या शाकाहारी घरांनी, विशेषतः लेकीसुनांसाठी, हे ध्यानात ठेवावं.

आता जेवणाआधी मागच्या वर्गात तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आहे. तिला उपाशी राहावं लागत नाही. काडीपैलवानांनी रांगेत पुढे उभं राहावं. सर, तुम्हीसुद्धा!