शाळा कोणाची?

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत जुनी माणसे एक गोष्ट अजून सांगतात. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. मराठी शाळा चालवी ती गाव. कोठे देवळाचा सभामंडप, कोठे एखाद्या घराची ओसरी, हीच शाळेची इमारत. मास्तरांचे वेतन गावकऱ्यांच्या वर्गणीतून निघे. अशा शाळेत मुलगा काय शिकतो, हे विचारण्यास बापाला संकोच वाटत नसे; कारण शाळा त्याचीच होती.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्यांच्या घरात पाटी कधी आली नव्हती, त्यांची मुले शिकू लागली. हे कार्य थोर होय. परंतु त्याबरोबर एक समजूतही हळूहळू रुजली. शाळा सरकारची, शिक्षक सरकारचे. तेव्हा मुलाला शिकवणे हेही सरकारचेच काम! शिक्षकही पालकांना बोलावू लागले ते बहुधा तक्रार सांगण्यापुरते.

या दुराव्याची किंमत मूल मोजते. पहिलीतल्या मुलाचेच पाहावे. घरात कोंकणी, शाळेत मराठी पुस्तक. चित्रातल्या प्राण्याला तो आजवर 'सुणे' म्हणत आला. पुस्तक त्याला 'कुत्रा' म्हणते. आपला शब्द चुकला असे वाटून मूल गप्प बसते. घरी ते दिवसभर बडबडते, हे आईला ठाऊक. वर्गात ते तोंड उघडत नाही, हे शिक्षकांना ठाऊक. दोघांची गाठच पडली नाही, तर शिक्षक त्याला मंद समजतात, आई आळशी समजते, आणि चौथीपर्यंत ते मूलही तसेच समजू लागते. जून महिन्यात दोघे एकदा बोलली असती, तर शिक्षकांनी 'सुणे' हा शब्द आनंदाने स्वीकारून त्याच्या शेजारी 'कुत्रा' ठेवला असता.

"आम्हां अडाण्यांना त्यातले काय कळणार?" असे अनेक आया म्हणतात. पण अभ्यास शिकवावा, अशी अपेक्षा त्यांच्याकडून नाहीच. दिवेलागणीनंतर घटकाभर घर शांत ठेवावे, आज शाळेत काय झाले ते विचारावे आणि मूल सांगेल ते मन लावून ऐकावे, एवढे अक्षरओळख नसतानाही करता येते.

शिक्षकांनीही घराचा उंबरठा ओलांडला पाहिजे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतील कितीतरी घरांची मिळकत खुंटली. वही न आणणाऱ्या मुलाच्या घरी काय चालले आहे, हे ज्या शिक्षकाला ठाऊक असेल, तो त्याला वर्गात उभे करून विचारणार नाही.

कायद्याने वाट मोकळी केली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या विकासाचा आराखडा करण्याचा अधिकार या समितीला आहे. मात्र नोंदवहीत सही करून परतणे म्हणजे सहकार्य नव्हे. सभा कामकरी माणसांना सोयीच्या वेळी भरावी. तीत पत्रे आणि पंखे यांच्याआधी मुलांविषयी बोलणे व्हावे. चवथीच्या सुटीपूर्वी शिक्षकांनी प्रत्येक घरी एकदा जावे, आणि तक्रार नसतानाही पालकांनी एकदा शाळेत यावे.

एके काळी गावाने शाळेला आपली ओसरी दिली. आज शाळेला इमारत आहे. तिला हवा आहे तो पालकांचा थोडा वेळ; आणि तो गरिबातल्या गरीब घरालाही देता येण्याजोगा आहे.