बदलतं बल आणि साखळीचं गणित

नागपूरचं लकडगंज म्हटलं की लाकडाच्या वखारी आणि आरा मशीन डोळ्यांसमोर येतात. ओंडक्यांच्या कामात साखळी हवीच. समजा, १० मीटर लांब, २० किलोची साखळी वरून लोंबते आहे आणि आपण ती सावकाश वर ओढतोय. सुरुवातीला १९६ न्यूटन बल लागतं. अर्धी साखळी वर आली की ९८, आणि शेवटी शून्य. मग कार्य काढताना कोणतं बल धरायचं?

आलेख काढा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर बल. रेषा तिरकी उतरते, त्रिकोण तयार होतो. त्याचं क्षेत्रफळ म्हणजेच कार्य: १९६ गुणिले १०, भागिले २, म्हणजे ९८० ज्यूल. सरसकट १९६ न्यूटन धरलं, तर उत्तर दुप्पट येईल.

रेषा वक्र असेल, तर अंतराचे बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात बल जवळपास स्थिर असतं. बल गुणिले तुकडा, मग सगळ्यांची बेरीज. तुकडे जितके बारीक, तितकं उत्तर अचूक. यालाच इंटिग्रेशन म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, बल बदलत असेल तर सूत्राला हात घालण्याआधी आलेख काढा. गणित तिथेच निम्मं सुटतं.