वाळूवरील नृत्य आणि समुद्रापलीकडील स्वप्न



नृत्यावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. तीस-बत्तीस वर्षें मीं कोंकणच्या किनाऱ्यावरील एका शाळेंत मराठी व भूगोल हे विषय शिकविले. माझ्या पायांत ताल नाहीं. लेझमीच्या रांगेंत मुलांनीं मला कधीं उभें केलें नाहीं, आणि तें त्यांचें शहाणपणच होय. तथापि गेल्या पावसाळ्यांत माझ्या नातीनें आपल्या फोनवर मला एक छोटा चित्रपट दाखविला, आणि तेव्हांपासून नृत्य, समुद्र आणि घर सोडून जाण्याची तरुणांची ओढ या तीन गोष्टी माझ्या मनांत अशा गुंतून गेल्या आहेत कीं, त्यांविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं.

आफ्रिका खंडाच्या अगदीं पश्चिम टोकाला सेनेगल हा देश आहे. डाकार ही त्याची राजधानी. तेथून किनाऱ्यानें दक्षिणेस गेलें म्हणजे तूबाब जलाव नांवाचें कोळ्यांचें गांव लागतें. या गांवच्या पुळणीवर २०२० सालच्या मार्च महिन्यांत अडतीस नर्तक व नर्तिका मावळत्या उजेडांत नाचल्या. त्यांना आफ्रिकेंतील चौदा देशांतून निवडून आणलेलें होतें. नृत्य मात्र आफ्रिकेचें नव्हे. इगोर स्त्राविन्स्की या रशियन संगीतकाराचें 'वसंतविधि' हें संगीत १९१३ सालीं पॅरिसमध्यें प्रथम वाजलें, आणि त्यावर पिना बाउश या जर्मन विदुषीनें १९७५ मध्यें हें नृत्य बसविलें. डाकार येथें पहिला प्रयोग करून मंडळींनीं पुढें परदेशीं जावयाचें, असा बेत होता. तोंच साथ पसरली, प्रयोग रद्द झाला, आणि पांगण्यापूर्वींची शेवटची तालीम तेवढी समुद्रकांठीं चित्रित करण्यांत आली. 'डान्सिंग ॲट डस्क' नांवाचा चित्रपट तो हाच.

कथा एका ओळीची आहे. वसंत ऋतु सुफळ व्हावा म्हणून गांव एका कुमारिकेची निवड करतें, आणि ती मरेपर्यंत नाचते. पातळ, फिकट झगे घातलेल्या तरुणी एक तांबडें वस्त्र एकीच्या हातून दुसरीच्या हातीं देत असतात. तें ज्या मुलीच्या अंगावर चढेल, ती निवडली गेली. वस्त्र हातांत येतांच प्रत्येकीचें अंग कसें आकसतें, श्वास कसा अडतो, तें पाहण्यासारखें आहे. शेवटीं एक मुलगी नाचते आणि बाकीचे सारे तिच्याकडे पाहत उभे राहतात. त्यांच्या मागें अटलांटिक महासागर असतो.

भूगोलाच्या शिक्षकाची नजर नर्तिकेवरून ढळून त्या पाण्याकडे गेली, याबद्दल कलाप्रेमी मंडळींनीं मला क्षमा करावी. परंतु हा समुद्र साधा नाहीं. सेनेगलच्या याच किनाऱ्यावरून तरुण पोरें रंगीबेरंगी लांकडी होड्यांत बसून उत्तरेकडे, स्पेनच्या ताब्यांतील कॅनरी बेटांकडे निघतात. अंतर सुमारें दीड हजार किलोमीटर. २००६ सालीं या समुद्रमार्गानें ३१,६७८ माणसें त्या बेटांवर उतरलीं. पुढें ती लाट ओसरली. २०२० पासून पुन्हां उसळली, आणि २०२४ मध्यें हाच आंकडा ४६,८४३ वर गेला. हे सगळे सेनेगलचे नव्हते; माली, मोरोक्को आणि इतर देशांचेही पुष्कळ होते. २०२५ सालीं किनाऱ्यावरील पहारा वाढल्यानें संख्या बरीच खालीं आली. आणि हे आंकडे पोंचलेल्यांचे आहेत. वाटेंत जे राहिले त्यांची मोजदाद समुद्रानें कोणाला नीट करूं दिलेली नाहीं.

तेथील वोलोफ भाषेंत या पोरांच्या तोंडीं एक वचन आहे: 'बार्सा वाला बार्साख'. बार्सा म्हणजे बार्सिलोना शहर, ज्याच्या फुटबॉल संघाचीं चित्रें तेथल्या मुलांच्या अंगरख्यांवर असतात. बार्साख म्हणजे मृत्यु आणि कयामत यांच्या मधला, मृतात्म्यांनीं वाट पाहत राहण्याचा लोक. एक तरी गांठीन, नाहीं तर दुसरा तरी, असा त्याचा आशय. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडीं हें वचन सहज यावें, याला कारण असलें पाहिजे. एक कारण पाण्यांतच आहे. परदेशांचीं मोठमोठीं जहाजें वर्षानुवर्षें त्या किनाऱ्यालगत जाळीं ओढीत आलीं, आणि लहान होडीवाल्याची मासळी रोडावली. होडी तीच, नाखवा तोच, वारा ओळखण्याची विद्याही तीच; फक्त माशांच्या जागीं माणसें बसलीं.

जाण्याचा खर्च एकट्याच्या खिशांतून निघत नाहीं. आईचा दागिना मोडतो, भाऊ आपली शिल्लक काढून देतो. कोणीं जावयाचें हेंही पुष्कळदां सगळें घर मिळून ठरवितें. म्हणून तें तांबडें वस्त्र या हातून त्या हातीं जातांना पाहून मला त्या घरांची आठवण झाली. पिना बाउश यांच्या मनांत हा अर्थ असण्याचें कारण नाहीं. तो त्या पुळणीनें त्यांत घातला, असें मी समजतों.

आतां तें नृत्य त्या गांवीं कसें पोंचलें, तें सांगावयास हवें. तूबाब जलाव येथें 'एकोल दे साब्ल', म्हणजे वाळूची शाळा, या नांवाची नृत्यशाळा आहे. तेथील एका मोठ्या वर्गाची जमीनच वाळूची आहे. ती १९९८ सालीं श्रीमती जर्मेन अकोन्यी आणि त्यांचे पति हेल्मुट फोग्ट यांनीं स्थापन केली. अकोन्यीबाईंचा जन्म १९४४ सालीं आज बेनिन म्हटल्या जाणाऱ्या देशांत झाला. लहानपणींच त्या सेनेगलमध्यें आल्या. पुढें पॅरिसला शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करून त्या शिक्षिका झाल्या, म्हणजे आमच्याच व्यवसायांतल्या, हें कळल्यावर मला त्यांच्याविषयीं अंमळ अधिकच आपलेपणा वाटूं लागला. कवि आणि सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या पुढाकारानें, मोरिस बेझार या नृत्यकाराच्या सहकार्यानें, १९७७ मध्यें डाकारला 'मुद्रा आफ्रिक' ही नृत्यशाळा निघाली, आणि तिची धुरा बाईंकडे आली. 'मुद्रा' हा शब्द आपल्याकडचा, हें श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल. ती शाळा १९८२ सालीं बंद पडली. बाई युरोपांत गेल्या, कांहीं वर्षें तेथेंच राहिल्या, आणि मग परत येऊन त्यांनीं वाळूंत शाळा उभी केली. २०२१ सालीं व्हेनिसच्या नृत्योत्सवांत त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला.

त्यांच्या पद्धतींत पाठीचा कणा हें सर्वस्व आहे. तो सापासारखा वळतो, झाडासारखा उभा राहतो. छाती म्हणजे सूर्य. गांवच्या लग्नांत आणि बारशांत एका हातानें व एका काठीनें 'साबार' ढोल वाजतो, त्यावर स्त्रिया नाचतात. त्या नाचांतलीं पाउलें या नव्या नृत्यांत आहेत. परंतु जुना नाच उत्सवाचा असतो, तर हें नृत्य रंगमंचावर येऊन प्रेक्षकांस प्रश्न घालतें. तो प्रश्न बहुधा एकच: जावें कीं राहावें?

या ठिकाणीं आपल्या भाषेकडे क्षणभर वळतों. देश सोडण्याला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत: वनवास, अज्ञातवास, हद्दपारी, परागंदा होणें, देशोधडीला लागणें. एकूणएक दुःखाचे! रामचंद्र वनांत गेले ते पित्याच्या शब्दाखातर, हौसेनें नव्हे. वनवासाचींच स्वप्नें पाहणाऱ्या माणसाला काय म्हणावें? आमच्या कोंकणांत मुंबईस गेलेल्याला चाकरमानी म्हणतात. पण चाकरमानी गणपतीला घरीं येतो. कागदपत्रांवांचून युरोपांत शिरलेल्याला तेंही सुख नाहीं. सेनेगलांत बकरी ईदेला ताबास्की म्हणतात. त्या सणाला मेंढा घेण्यासाठीं तो पैसे पाठवितो. स्वतः आला तर पुन्हां जाण्याची वाट बंद होते.

ही गांठ नायजेरियाचे नर्तक कुदुस ओनिकेकु यांनीं मोठ्या समर्पक शब्दांत पकडली आहे. ते लागोस शहरचे. फ्रान्समध्यें त्यांनीं सर्कशीच्या कसरतींचें शिक्षण घेतलें. २०१० च्या सुमारास त्यांनीं एकट्यानें नाचण्याचें एक नृत्य रचलें, त्याच्या नांवाचा अर्थ 'माझा वनवास माझ्या मस्तकांत आहे' असा होतो. त्याची प्रेरणा वोले सोयिंका यांच्या तुरुंगांतील आठवणींची. यादवी युद्धाच्या काळांत सोयिंकांना सरकारनें बराच काळ एकांतकोठडींत ठेवलें होतें. आपल्याच देशांत असून चार भिंतींनीं देशाबाहेर टाकलेला एक माणूस. आणि परदेशीं मोकळा हिंडत असून मनानें लागोसच्या गल्ल्यांत कोंडलेला दुसरा. हे दोघे एकाच देहांत आणून बसविणें भाषणाला किंवा निबंधाला कठीण जातें. नर्तकाचा देह एकाच क्षणीं पुढें झेंपावतो आणि मागें ओढला जातो, म्हणून त्याला तें साधतें. ओनिकेकु पुढें लागोसला परतले, आणि २०१४ मध्यें त्यांनीं तेथें आपलें केंद्र काढलें.

दुसरें उदाहरण बुर्किना फासो या देशाचें. मालीमध्यें २०१२ सालीं लढाई पेटल्यावर हजारों कुटुंबें सरहद्द ओलांडून तेथल्या छावण्यांत आलीं. सालिया सानू या नृत्यकारांनीं त्या छावण्यांत जाऊन नृत्याचे वर्ग घेतले, आणि त्या अनुभवांतून २०१६ सालीं एक नृत्य बसविलें. त्याच्या नांवांतच क्षितिजाची आस आहे. छावणींतल्या मुलाचें स्वप्न बार्सिलोनाचें नसतें. त्याचें स्वप्न उठून कोठें तरी जातां येण्याचेंच असतें. सानू व त्यांचे सहकारी सेदू बोरो यांनीं २००६ पासून उआगादुगु शहरांत एक नृत्यकेंद्र चालविलें आहे, त्याचें नांव 'ला तेर्मितियेर', म्हणजे वारूळ. हें नांव मला फार आवडलें. वारूळ कणाकणानें वाढतें, आणि जागचें हलत नाहीं.

मात्र येथें एक कडू गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. या नव्या नृत्याच्या स्पर्धा १९९५ सालीं आंगोलांतील लुआंडा शहरीं सुरू झाल्या, त्या फ्रान्सच्या पाठबळानें. विजयी झालेल्या मंडळींपुढें युरोपांतील दौऱ्याचें दार उघडे. म्हणजे घरीं राहून चांगलें नाचावें, तर बक्षीस परदेशाचें! समुद्रांत बुडालेल्या भावाची गोष्ट ज्याला पॅरिसच्या रंगमंचावर नाचून दाखवावयाची आहे, त्यालाही आधीं वकिलातीच्या रांगेंत उभें राहून परवाना मागावा लागतो, आणि तो पुष्कळदां नाकारला जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात ते युरोपचे. मच्छीमारांच्या गांवांत हा प्रयोग क्वचितच होतो. हें न्यून त्या कलावंतांनाही ठाऊक आहे. कांगोचे फॉस्टिन लिन्येकुला हे तरुणपणीं देशाबाहेर होते. २००१ सालीं ते परत गेले, आणि पुढें राजधानी सोडून नदीकांठच्या किसांगानी या आपल्या गांवीं त्यांनीं आपलें काम नेलें. युद्धानें उध्वस्त झालेल्या गांवांत नृत्य कशाला हवें, असें कोणी विचारील. मला तर शाळा काढण्याइतकेंच तें निकडीचें वाटतें.

शाळेचा विषय निघाला म्हणून एक स्वतःची गोष्ट सांगतों. सन १९९४-९५ च्या सुमाराची. 'मोठेपणीं मी कोण होणार' हा निबंध मीं सातवीला घातला होता. एका गाबिताच्या मुलानें लिहिलें कीं, मी येथेंच राहीन आणि बापाप्रमाणें होड्या बांधीन. होडी बांधतांना लांकूड कसें निवडावें, याचीही त्यानें अर्धें पान हकीकत दिली होती. मीं त्याला दहापैकीं चार गुण दिले आणि तांबड्या शाईनें खालीं शेरा मारला: 'ध्येय उच्च असावें.' ज्यानें अमेरिकेस जाण्याचें लिहिलें, त्याला आठ देऊन त्याचा निबंध वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविला. त्या शाईचा रंग त्या वस्त्राचाच होता, हें मला परवां, फोनच्या त्या चिमुकल्या पडद्यासमोर बसलों असतां जाणवलें.

तो मुलगा आज वीस वर्षांहून अधिक काळ आखातांत एका कारखान्यांत आहे. रीतसर कागदपत्रें घेऊन गेला, चांगला आहे, दरवर्षीं न चुकतां मला खजूर पाठवितो. त्याच्या बापाची शेवटची होडी अर्धवट राहिली. तिचा सांगाडा बरींच वर्षें माडांखालीं पडलेला होता.

येत्या गणपतीला तो रजेवर येणार आहे. नातीला सांगून तो चित्रपट मीं घरच्या मोठ्या पडद्यावर दाखविण्याची व्यवस्था केली आहे, आणि त्याला रात्रीं जेवावयास बोलाविलें आहे. त्या निबंधाची त्याला आठवण आहे कीं नाहीं, हें मीं आजवर विचारलें नाहीं. या खेपेस विचारणार आहें.