तुम्हाला वॉल्टर आठवतो का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे : आरोग्य आणि गुंतवणूक सोडून कशावरही बोला. म्हणून मी एका इंग्लिश रॉक अल्बमवर बोलणार आहे. मागच्या बाकांवरची चुळबुळ मला इथून दिसते आहे, तिथले चेहरेही तेच आहेत! पण जरा धीर धरा. हा अल्बम करणाऱ्या चौघांपैकी तिघं एकाच शाळेतले, आणि त्यात एक गाणं चक्क जुन्या शाळासोबत्यावर आहे.

उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागातल्या शाळेत रे डेव्हिस, त्याचा धाकटा भाऊ डेव्ह आणि पीट क्वेफ ही मुलं होती. तिथे जमलेल्या वाद्यवृंदाचं पुढे नाव झालं 'द किंक्स'. ड्रमवर मिक एव्हरी आला. १९६४ साली 'यू रिअली गॉट मी' हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांचा मुक्काम आपल्या मुंबईत पडला. पहाटे जाळी घेऊन निघालेल्या कोळ्यांचे सूर रेच्या कानावर आले आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' हे गाणं निघालं. बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली, ती त्यानंतर काही महिन्यांनी.

त्याच १९६५ मध्ये अमेरिकेत त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी आली आणि ती चार वर्षं टिकली. सगळे ब्रिटिश वाद्यवृंद अमेरिका जिंकायला निघालेले असताना हे मात्र घरी बसले. घरी बसलेला माणूस आजूबाजूला बघायला लागतो, तसं रेचं झालं. त्यातून १९६८ साली जो अल्बम आला त्याचं नाव लांबलचक आहे : 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी'. व्हिलेज ग्रीन म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातलं मधोमध असलेलं हिरवं मैदान. तिथे क्रिकेट चालतं, जत्रा भरते, म्हातारी माणसं बाकावर बसतात. ते जपणारी मंडळी, असा नावाचा अर्थ.

आता त्या सालाकडे बघा. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते. गिटारींचा आवाज वाढत चालला होता. आणि हा चोवीस वर्षांचा तरुण स्ट्रॉबेरीचा जॅम, चिनीमातीचे कप, कोपऱ्यावरची छोटी दुकानं यांच्यावर गात होता. एक गाणं वाफेच्या शेवटच्या इंजिनावर होतं. ब्रिटिश रेल्वेनं त्याच ऑगस्टमध्ये वाफेची इंजिनं निवृत्त केली होती. सगळे उद्याकडे धावत असताना हा कालची यादी करत बसला होता.

अल्बम २२ नोव्हेंबर १९६८ ला ब्रिटनमध्ये बाजारात आला. त्याच दिवशी बीटल्सचा पांढऱ्या वेष्टणातला दुहेरी अल्बमही आला. पुढे काय झालं ते सांगायलाच नको. आपल्या वर्गात बोर्डात आलेल्या मुलाचा सत्कार चालू असताना चित्रकलेच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा कोणाला दिसतो? किंक्सचा अल्बम ब्रिटनच्या यादीत आला नाही, अमेरिकेच्याही नाही. अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं, पण विक्री झाली नाही. काही महिन्यांत पीट क्वेफनं वाद्यवृंद सोडला. गंमत म्हणजे, पुढे त्याला हाच अल्बम सगळ्यांत आपला वाटत राहिला, कारण त्यात चौघांचाही हात लागला होता.

मग हा अल्बम जगला कसा? ऐकणाऱ्यांनी जगवला. एकानं दुसऱ्याला ऐकवला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये गिटारवाल्या तरुणांची नवी पिढी आली. त्यांतल्या ब्लरच्या डेमन अल्बर्नसारख्यांनी रे डेव्हिसला गुरुस्थानी मानलं. २००४ साली त्यातलं 'पिक्चर बुक' हे गाणं एचपी कंपनीच्या जाहिरातीत वाजलं आणि ज्यांचा १९६८ साली जन्मही झाला नव्हता त्यांच्या ओठांवर गेलं. शेवटी २०१८ मध्ये, पन्नास वर्षांनी, ब्रिटनमधली विक्री एक लाखावर गेली आणि अल्बमला 'गोल्ड' मिळालं. पीट क्वेफ ते बघायला नव्हता; तो २०१० साली गेला.

आता वॉल्टरविषयी. 'डू यू रिमेंबर वॉल्टर?' या गाण्यात गाणारा आपल्या जुन्या दोस्ताला हाक मारतो. पावसात क्रिकेट खेळलो, लपून सिगारेट ओढली, जगाशी दोन हात करायच्या गप्पा मारल्या, बोट घेऊन समुद्रावर जायचे बेत केले. इथपर्यंत आपल्या कुठल्याही स्नेहसंमेलनातलं भाषण वाटेल. पण रे तिथे थांबत नाही. तो म्हणतो, आता तू लठ्ठ झाला असशील, संसारी असशील, साडेआठला अंथरुणात जात असशील. मी जुन्या गोष्टी काढल्या तर तुला कंटाळा येईल. माणसं बदलतात, आठवणी मात्र तशाच राहतात, असं म्हणून गाणं संपतं.

या अल्बमवर तो नुसता मागे बघत उसासे टाकतो असा आरोप अनेकदा होतो. मला तो पटत नाही. शेवटचं गाणं फोटोंवर आहे. आपण खरोखर होतो याचा पुरावा म्हणून लोक एकमेकांचे फोटो काढतात, असं ते म्हणतं. आणि अखेर गाणारा विनवतो की बाबांनो, आता आणखी फोटो दाखवू नका. आठवण जपायची हे तो सांगतो, आणि ती टोचतेही हे लपवत नाही. म्हणूनच वय वाढेल तसा हा अल्बम जास्त कळत जातो. विशीतल्या माणसाला तो गोड वाटतो. साठीतला माणूस मधेच थांबवून खिडकीबाहेर बघतो.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. या मेळाव्यासाठी आम्ही काही जण दोन महिने फोन करत होतो. तीन-चार जणांनी नाही म्हटलं. त्यांतला एक, ज्याच्या डब्यातली पोळी-चटणी आपण अर्ध्या वर्गानं खाल्ली आहे, तो मला म्हणाला, "अरे, तुम्हाला भेटायचाय तो मुलगा आता राहिलाच नाही. मी येऊन काय करू?" मी त्याला बरंच समजावलं. तो आला नाही.

त्याचं बोलणं मला खोटं म्हणता येत नाही. आपण इथे जमलो की पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांना टोपणनावं चिकटवतो. जो 'ढ' होता तो अजून 'ढ', जी रडूबाई होती ती अजून रडूबाई. चाळीस वर्षांत त्या माणसानं काय सोसलं, काय उभं केलं, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. आपण वॉल्टरला बोलावतो आणि फक्त आपल्या आठवणीशी बोलून घरी जातो. त्याला कंटाळा आला तर दोष त्याचा नाही.

तेव्हा मित्रहो, आज फोटो जरूर काढा, सरांच्या छडीचे किस्सेही होऊ द्यात. पण जेवणाच्या पंगतीत शेजारी बसेल त्याला एक प्रश्न विचारा : शाळा सुटल्यावर तुझं काय काय झालं? आणि उत्तर पुरतं ऐका. जे आज आले नाहीत त्यांना उद्या फोन करू, तेव्हाही हाच प्रश्न विचारू.

अल्बमला पन्नास वर्षं वाट बघता आली. आपल्याकडे तेवढा वेळ नाही.